शंभर किलो साखरेचं काय होतं?

डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत दाराशेजारी एक पांढरा फळा आहे. सकाळची पाळी लागली की त्यावर आदल्या दिवसाचे तीन आकडे लिहिले जातात. मी गेलो त्या सकाळी ते असे होते : ८९.१, ९८.४, २४४. पुढे एककं नाहीत, वर शीर्षक नाही. आत येणारा प्रत्येक जण आधी फळ्याकडे बघत होता, आणि पहिला आकडा बघून पुढचं बोलणं ठरवत होता.

कृष्णाकाठचा हा सहकारी साखर कारखाना. मे महिना. गाळप केव्हाच संपलेलं, गव्हाणीत शुकशुकाट, तोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी गेलेल्या. पण मागच्या अंगाची डिस्टिलरी साठवलेल्या मळीवर रात्रंदिवस चालू होती. मळी म्हणजे साखर काढून झाल्यावर उरलेला काळा, चिकट पाक. तिच्यातून आणखी साखर काढायला गेलं तर खर्च परवडत नाही. साखर मात्र तिच्यात भरपूर उरलेली असते. ती यीस्टला खायला घालायची आणि अल्कोहोल करून घ्यायचं, एवढंच इथलं काम.

संपादकांनी या अंकासाठी ‘हिशेब’ हा विषय दिला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा पतसंस्था असाव्यात. माझ्या डोळ्यांसमोर दहावी-अकरावीचं रसायनशास्त्र आलं. ‘समीकरण संतुलित करा’ या प्रश्नाला दोन गुण असत. ते मिळवून आपण सगळे पुढे गेलो. त्या संतुलित समीकरणावर एखादा कारखाना रोज कसा चालतो, हे कुणी दाखवलं नाही. स्टॉइकिओमेट्री नावाचं ते प्रकरण, म्हणजे किती कच्च्या मालातून किती पक्का माल निघू शकतो याचं रासायनिक गणित, प्रत्यक्षात बघायचं तर महाराष्ट्रात डिस्टिलरीइतकी सोयीची जागा नाही. अभिक्रिया एकच, कच्चा माल आपल्याच शेतातला, आणि चूक झाली तर ती रुपयांत दिसते.

१८० बरोबर ९२ अधिक ८८

ग्लुकोजच्या एका रेणूत सहा कार्बन, बारा हायड्रोजन आणि सहा ऑक्सिजन असतात. यीस्ट तो रेणू मोडून अल्कोहोलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू करतं. कार्बनचं वजन १२, हायड्रोजनचं १, ऑक्सिजनचं १६ धरलं तर ग्लुकोज भरतं १८०. अल्कोहोलचा रेणू ४६, दोन मिळून ९२. कार्बन डायऑक्साइड ४४, दोन मिळून ८८. डावीकडे १८०, उजवीकडेही १८०.

रेणू कुणी मोजू शकत नाही, वजन मात्र करता येतं. देवस्थानात दानपेटी उघडली की चिल्लर एकेक मोजत बसत नाहीत. एका जातीची नाणी वेगळी काढून वजन घेतात आणि त्यावरून संख्या काढतात. रसायनातला हिशेब याच जातीचा. म्हणून १८० ऐवजी १८० किलो म्हटलं किंवा १८० टन म्हटलं तरी प्रमाण ढळत नाही. शंभर किलो ग्लुकोज घेतलं तर ५१.१ किलो अल्कोहोल आणि ४८.९ किलो वायू. लिटरमध्ये सांगायचं तर शंभर किलोला सुमारे ६४.४ लिटर. यीस्ट कुठलंही असो, यंत्रं जर्मनीची असोत की पुण्याची, याच्या वर एक थेंब निघत नाही.

मळीतली बरीचशी साखर मात्र ग्लुकोज नसते, ती असते सुक्रोज. म्हणजे आपण चहात घालतो ती. तिचा रेणुभार ३४२. यीस्ट तिला आधी पाण्याचा एक रेणू लावून दोन तुकड्यांत फोडतं. ३४२ मध्ये पाण्याचे १८ मिळाले की ३६० होतात, म्हणजे १८० चे दोन. शंभर किलो सुक्रोज अशा रीतीने सव्वापाच किलो पाणी गिळून १०५ किलोंच्या वर जाते. डिस्टिलरीच्या कागदांवर सुक्रोजच्या आकड्याला ०.९५ ने भागलेलं दिसतं, त्याचं कारण हे. नव्या मुलांना हा भागाकार पाठ असतो. तो का करायचा हे विचारलं की निम्मी गप्प होतात, असं डिस्टिलरी मॅनेजर म्हणाले. म्हणताना त्यांनी शेजारच्या ट्रेनी मुलाकडे बघितलं, तो लगेच वहीत डोकं घालून बसला.

दारू होताना हिशेब जुळतो, हे प्रथम मांडून दाखवलं फ्रान्सच्या लव्वाझिएने. हा माणूस पोटासाठी राजाचे कर वसूल करणाऱ्या मक्तेदार संस्थेत भागीदार होता, त्यामुळे जमाखर्चाची नजर पक्की. १७८९ साली छापलेल्या आपल्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात त्याने साखर, पाणी आणि यीस्ट यांचं वजन एका बाजूला मांडलं, आणि आंबून झाल्यावर जे जे मिळालं ते दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडची बेरीज सारखी यायलाच हवी, हे गृहीत धरूनच तो कामाला लागला. साखरेच्या घटकांचे त्याचे आकडे बरेच चुकलेले होते, पद्धत बरोबर होती. त्याच कर संस्थेपायी पाच वर्षांनी त्याचा शिरच्छेद झाला. पुढे १८१५ मध्ये गे-लुसॅकने साखर, अल्कोहोल आणि वायू यांचं आज वापरतो ते प्रमाण बसवलं. फळ्यावरच्या पहिल्या आकड्याचा पाया तो.

तो आकडा म्हणजे एफई, फर्मेंटेशन एफिशियन्सी. कागदावरच्या कमाल अल्कोहोलपैकी आंबवणीत खरोखर किती तयार झालं त्याची टक्केवारी. दुसरा आकडा डीई : तयार झालेल्यापैकी ऊर्ध्वपातनाच्या स्तंभातून किती हाती आलं. तिसरा उतारा : एक टन मळीमागे किती लिटर. त्या दिवशीच्या मळीत आंबण्याजोगी साखर ४३.२ टक्के होती. म्हणजे टनामागे कमाल २७८ लिटर. त्याला ८९.१ टक्क्यांनी आणि मग ९८.४ टक्क्यांनी गुणा, २४४ येतात.

आधी साखर सापडायला हवी

समीकरण बिनचूक आहे, पण त्यात घालायची साखर किती हेच आधी कुणीतरी सांगावं लागतं. सगळी गंमत इथे सुरू होते.

प्रयोगशाळेतली केमिस्ट मुलगी शेगडीवर फ्लास्क ठेवून उभी होती. फ्लास्कमध्ये फेहलिंगचं निळं द्रावण, वर ब्युरेटमध्ये मळीचं पातळ केलेलं पाणी. मळी आधी आम्लात गरम करून सुक्रोज फोडून घेतलेली. लेन आणि आयनन या दोघांनी १९२३ साली बसवलेली ही रीत अजून जशीच्या तशी चालते. द्रावण उकळत ठेवायचं, मळी थेंबथेंब सोडायची, शेवटी मिथिलीन ब्लूचे थेंब घालायचे. निळा रंग जाऊन विटेसारखा लाल दिसला की थांबायचं. जितकी कमी मळी लागली तितकी तिच्यात साखर जास्त.

“सर, इथे हात जड झाला तर एफई वाढते,” ती म्हणाली.

मला वाटलं, ती थट्टा करते आहे. तिने समजावून सांगितलं. रंग गेल्यावरही दोन-चार थेंब जास्त पडले, तर ब्युरेटचा आकडा वाढतो आणि मळीत साखर कमी असल्याचं दिसतं. साखर कमी म्हणजे कमाल अल्कोहोलही कमी. तयार झालेलं अल्कोहोल मात्र आहे तेवढंच. भागाकार केला की कार्यक्षमता फुगलेली. टाक्यांत काहीही सुधारलेलं नसताना फळ्यावर आनंदीआनंद.

दुसरी अडचण अशी की फेहलिंगचं द्रावण फार भोळं असतं. यीस्टला न पचणारे, साखरेसारखं वागणारे कितीतरी पदार्थ मळीत असतात. पाक पुन्हा पुन्हा तापवल्याने ते तयार झालेले असतात. द्रावण त्यांनाही साखरच समजतं. म्हणून एकूण आकड्यातून, ज्याला सगळे टीआरएस म्हणतात, न आंबणारा वाटा वजा करावा लागतो. तो काढायची रीत सरळ आहे : मळीचा नमुना प्रयोगशाळेत यीस्टला खायला घालायचा, त्याला खायचं तेवढं खाऊ द्यायचं, आणि उरलेल्यात पुन्हा फेहलिंग करायचं. उरलं ते यीस्टच्या कामाचं नाही. हा वाटा साधारण चार-पाच टक्के निघतो. पण त्याला वेळ लागतो, आणि घाईच्या दिवसांत काही ठिकाणी जुनाच आकडा पुढे ओढला जातो, असं या धंद्यातली माणसं खासगीत कबूल करतात.

या सगळ्याच्या आधी नमुना आहे. टाकीत मळी महिनोन्‌महिने साठलेली, वर पातळ आणि खाली दाट. नमुना कुठून घेतला त्यावर टीआरएस बदलते. उन्हाळ्यात तापलेल्या टाकीत मळी स्वतःच्याच आत हळूहळू बिघडत राहते, फेसाळते, साखर गमावते. मार्चमध्ये मोजलेली साखर मेमध्ये तेवढीच असेल असं धरणं म्हणजे गिऱ्हाइकाने न दिलेले पैसे जमेला धरणं. आणि शेवटी वजनकाटा. पंधरा टनांच्या टँकरमध्ये काट्याची एक टक्का चूक दीडशे किलोंची असते.

लिटरचं मापही दगा देतं. पन्नास मिली अल्कोहोल आणि पन्नास मिली पाणी एकत्र केलं तर शंभर मिली होत नाही, सुमारे ९६ होतं. रेणू एकमेकांच्या फटींत बसतात. आकारमानाची बेरीज जुळत नाही, वजनाची जुळते. म्हणून डिस्टिलरीत अल्कोहोलचं माप घेताना हायड्रोमीटरसोबत थर्मामीटर लागतो आणि शेजारी तक्त्यांचं जाडजूड पुस्तक.

अकरा टक्के कुठे जातात

फर्मेंटरच्या माथ्यावर लोखंडी जिन्याने चढावं लागतं. एकेक टाकी तीन लाख लिटरांची. वर गेल्यावर गरम ताडीसारखा आंबूस वास आणि नाकात झणझणणारा वायू. वर ड्यूटीवर होते त्यांना सगळे मामा म्हणत होते. डिस्टिलरी उभी राहिली तेव्हापासूनचे. झाकणाजवळ वाकणार तेवढ्यात त्यांनी माझा दंड धरला. “आत वाकायचं न्हाई. ह्यो वायू दिसत न्हाई, पर मानूस खाली घेतोय.” कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, रिकाम्या टाकीच्या तळाशी साचून राहतो. सफाईला उतरलेली आणि परत न आलेली माणसं देशभरच्या डिस्टिलऱ्यांत झाली आहेत. समीकरणातल्या ८८ चा हा दुसरा अर्थ कुठल्याच पाठ्यपुस्तकात नसतो.

टाकीत साखर घातली आणि समीकरणाप्रमाणे अल्कोहोल आलं नाही, तर बाकीची साखर गेली कुठे? एक तर यीस्टच्या स्वतःच्या शरीरात. यीस्ट जिवंत आहे, त्याला वाढायचं असतं, पेशी बांधायच्या असतात. हवा मिळाली तर ते अल्कोहोल करायचं सोडून श्वसन करतं, साखरेचं थेट पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करून टाकतं आणि भराभर वाढतं. त्यामुळे सुरुवातीच्या छोट्या भांड्यात यीस्ट वाढवताना हवा सोडतात, मोठ्या टाकीत नाही. काही साखर ग्लिसरीनकडे जाते. मळी दाट असली, क्षार फार असले, की पेशीतलं पाणी बाहेर खेचलं जाऊ लागतं. त्यातून वाचायला यीस्ट ग्लिसरीन बनवून आत साठवतं. थोडी सक्सिनिक आम्लात जाते.

हे सगळं पाश्चरने १८६० मध्येच वजनासकट मांडलं होतं. स्वच्छ साखर, निरोगी यीस्ट, सगळं मनासारखं असलं तरी शंभरातले पाच-सहा भाग अल्कोहोल-वायूच्या समीकरणाबाहेर जातातच. म्हणजे गे-लुसॅकचे १०० हे कागदावरचं छत, आणि पाश्चरचे ९४-९५ हे जिवंत यीस्टचं छत. कारखान्यात ८९-९० मिळत असेल तर भांडण फक्त मधल्या पाच टक्क्यांचं आहे.

ग्लिसरीनच्या या गळतीची एक वेगळीच हकिगत आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नाकेबंदीमुळे जर्मनीत चरबी येईनाशी झाली, आणि चरबीपासून मिळणारं ग्लिसरीनही. स्फोटकांना तर ते हवंच. तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी आंबवणीच्या टाकीत सल्फाइट घातलं. अल्कोहोलच्या आधीची पायरी त्याने अडवून धरली, आणि यीस्टला नाइलाजाने ग्लिसरीनचा रस्ता धरावा लागला. आपल्याकडे जिला तोटा म्हणतात, तीच तिथे मुख्य पैदास झाली. अल्कोहोल मात्र त्या प्रमाणात घटलं, कारण साखर तेवढीच होती.

कृष्णाकाठच्या टाकीत भांडण असतं ते जिवाणूंशी. लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू साखरेचा १८० चा रेणू घेतात आणि ९० चे दोन लॅक्टिक आम्लाचे रेणू करतात. वायू नाही, अल्कोहोल नाही, बेरीज चोख. त्यांनी खाल्लेल्या प्रत्येक किलोमागे आपलं अर्धा किलो अल्कोहोल गेलं. पाश्चर या विषयात शिरला तोसुद्धा याच तक्रारीमुळे. १८५६ साली लील शहरात बिगो नावाच्या कारखानदाराची बीटापासून अल्कोहोल करण्याची टाकी आंबट होऊ लागली. पाश्चरने सूक्ष्मदर्शकातून बघितलं तर चांगल्या टाकीत यीस्टचे गोल आणि बिघडलेल्या टाकीत काड्यांसारखे जीव. आजही शंका आली की केमिस्ट हेच करते, आणि वॉशची, म्हणजे टाकीतल्या आंबणाऱ्या द्रावणाची, आम्लता मोजते.

मे महिना हा जिवाणूंचा मोसम. आंबवणीत उष्णता निघते. टाकीतला वॉश बाहेर काढून पाण्याने थंड करून परत सोडत राहावं लागतं. यीस्टला ३२-३३ अंश मानवतात. कूलिंग टॉवरचं पाणीच तापलेलं असलं तर टाकी ३६-३७ ला जाते, यीस्ट थकतं आणि जिवाणूंचं फावतं. मामांना थर्मामीटर बघावा लागत नाही. पाइपावर हात ठेवून ते सांगतात, आज एफई पडणार. आकडा दुसऱ्या दिवशी फळ्यावर येतो, तेव्हा ते तिकडे फिरकतही नाहीत.

शेवटची गळती वायूबरोबरची. कार्बन डायऑक्साइड बुडबुडे काढत वर येताना अल्कोहोलची वाफ घेऊन जातो. म्हणून तो वायू पाण्यातून धुऊन काढतात आणि ते पाणी परत टाकीत घेतात. हा स्क्रबर बंद पडलेला असेल तर प्रयोगशाळेतली सगळी मोजमापं बरोबर असूनही हिशेब लागत नाही.

एका टक्क्याची किंमत किती? रोज ६० हजार लिटर काढणाऱ्या डिस्टिलरीला या उताऱ्याने दिवसाला २४६ टन मळी लागते. एफई एक टक्क्याने घसरली की दिवसाला सुमारे ६७० लिटर जातात. २०२४-२५ मध्ये सी हेवी, म्हणजे अशा शेवटच्या मळीच्या इथेनॉलला केंद्राने ठरवलेला भाव लिटरला ५७ रुपये ९७ पैसे होता. म्हणजे दिवसाला ३९ हजार. डिस्टिलरी २७० दिवस चालली तर कोटीच्या वर. पाइपावर ठेवलेला मामांचा हात एवढ्या मोलाचा आहे, पण त्यांचा पगार विचारला नाही ते बरं.

अबकारीच्या वहीत

डिस्टिलरीच्या आवारात राज्य उत्पादन शुल्क खात्याचं कार्यालय असतं. दुसऱ्या बहुतेक कारखान्यांच्या पक्क्या मालावर सरकारची अशी रोजची नजर नसते. अल्कोहोल चोरून गेलं तर कर बुडतो आणि कुणाचा तरी जीवही जातो. पण चोरी झाली की नाही हे कळणार कसं? आत किती मळी गेली ते काट्यावर आहे, बाहेर किती अल्कोहोल आलं ते मीटरवर आहे. मधलं अंतर खरं की खोटं, हे सांगणारं फक्त समीकरण आहे.

उत्तर प्रदेशच्या अबकारी नियमांत हे गणित सरळ कायद्यात उतरलं आहे. तिथे आंबवणीची किमान कार्यक्षमता ८४ टक्के, ऊर्ध्वपातनाची ९७ टक्के, आणि आंबण्याजोग्या साखरेच्या दर क्विंटलमागे किमान ५२.५ लिटर शुद्ध अल्कोहोल अशी अट आहे. हा ५२.५ आला कुठून, हे वाचकाने स्वतः करून बघावं : ६४.४ ला ०.८४ ने आणि मग ०.९७ ने गुणायचं. गे-लुसॅकचं प्रमाण नियमावलीत बसलेलं आहे, त्याच्या नावाशिवाय.

किमान मर्यादेबद्दल सगळे बोलतात. मला जास्त उपयोगी वाटली ती वरची मर्यादा. डिस्टिलरी मॅनेजर म्हणाले, “एफई ८६ झाली तर मी टाकी बघतो. ९५ झाली तर मी लॅब बघतो.” जिवंत यीस्टचं छत ओलांडणारा आकडा आला तर यीस्टने पराक्रम केलेला नसतो, काट्यावर मळी कमी धरलेली असते, नमुना वरच्या पातळ थरातून घेतलेला असतो, नाहीतर ब्युरेटवर हात जड पडलेला असतो. लेखापरीक्षकाची समजूत घालता येते, संचालकांना आकडा गोड करून सांगता येतो, या छताला मात्र नाही.

पोटॅश जसंच्या तसं

आंबवणीनंतर वॉशमध्ये जेमतेम आठ-दहा टक्के अल्कोहोल असतं. पुढे ते स्तंभांत उकळून वेगळं करतात. वजनाने ९५.६ टक्क्यांपाशी साधं ऊर्ध्वपातन थांबतं, तिथे पाणी आणि अल्कोहोल एकाच प्रमाणात उकळू लागतात. पेट्रोलमध्ये मिसळायला ९९.५ च्या पुढे शुद्धता हवी, म्हणून ती वाफ झिओलाइटच्या गोळ्यांतून नेतात; त्यांच्या सूक्ष्म छिद्रांत पाण्याचा रेणू शिरतो, अल्कोहोलचा शिरत नाही. हा भाग वाफेच्या आणि विजेच्या हिशेबाचा आहे.

मला थांबवलं ते मागे उरणाऱ्या स्पेंट वॉशने. एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते बारा लिटर काळपट, आम्लधर्मी पाणी. एकेकाळी ते ओढ्यात सुटायचं आणि आसपासच्या विहिरी लाल व्हायच्या. साखरपट्ट्यातल्या कितीतरी गावांना ते आठवत असेल. आता ते बाहेर सोडायची परवानगी नाही. या डिस्टिलरीत ते आटवून दाट करतात आणि खास बॉयलरमध्ये जाळतात.

बॉयलरखालच्या राखेचा ढीग दाखवत मॅनेजरांनी विचारलं, “यात काय असेल?” उत्तर समीकरणातच होतं. डावीकडे आणि उजवीकडे फक्त कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन आहेत. ऊस हे तिन्ही हवेतून आणि पाण्यातून घेतो. मातीतून त्याने घेतलेलं पोटॅश या अभिक्रियेत कुठेच भाग घेत नाही. ते रसातून मळीत येतं, मळीतून वॉशमध्ये, वॉशमधून स्पेंट वॉशमध्ये, आणि शेवटी राखेत. पेट्रोलच्या टाकीत जातं ते हवा-पाण्याचं. जमिनीचं होतं ते इथे साचून राहतं. या राखेपासून पीडीएम नावाचं खत होतं, त्यात किमान १४.५ टक्के पोटॅश असावं असा नियम आहे. भारत आपलं जवळपास सगळं पोटॅश आयात करतो, हे लक्षात घेतलं तर या ढिगाकडे बघण्याची नजर बदलते. ज्या शेतातून ते आलं त्याच शेतात ते परत जातं का, याची नोंद मात्र कुठल्याही वहीत सापडली नाही.

दुसरा वाटा वायूचा. लिटरभर अल्कोहोलमागे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड. साठ हजार लिटरच्या डिस्टिलरीतून दिवसाला ४५ टन. काही डिस्टिलऱ्या तो शुद्ध करून शीतपेयांना आणि कोरड्या बर्फासाठी विकतात. या डिस्टिलरीत तो धुराड्यासारख्या उंच नळीतून आकाशात जातो. यंत्रणा बसवायचा प्रस्ताव आहे, असं उत्तर मिळालं.

टनाला साडेतीनशे रुपये

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा पहिला प्रयोग २००१ मध्ये झाला, तेव्हा निवडलेल्या तीन ठिकाणांपैकी दोन आपली होती, मिरज आणि मनमाड. २०२२ च्या जूनमध्ये देशाने दहा टक्क्यांचा टप्पा गाठला, २०२५ मध्ये वीस. एवढ्या इथेनॉलला निव्वळ शेवटची मळी पुरत नाही. म्हणून साखरेची एक फेरी कमी करून जास्त साखर असलेली बी हेवी मळी घ्यायची, किंवा सरळ उसाचा रसच डिस्टिलरीकडे वळवायचा. आता प्रश्न संचालकांपुढे येतो : साखर की इथेनॉल?

पुन्हा तेच गणित. एक टन सुक्रोज म्हणजे १,०५३ किलो आंबण्याजोगी साखर, कमाल ६७८ लिटर. फळ्यावरच्यासारख्या कार्यक्षमतेला सुमारे ५९४ लिटर. रसाच्या इथेनॉलला ६५ रुपये ६१ पैसे भाव धरला तर ३९ हजारांच्या आसपास. साखर किलोला ३८ रुपयांनी गेली तर तोच टन ३८ हजारांचा. फरक इतका बारीक की एफई दोन-तीन टक्के घसरली की निर्णय उलटा फिरतो. शिवाय साखर वर्षभर गोदामात पडून राहते आणि तिच्यावर कर्जाचं व्याज चढतं. इथेनॉलचे पैसे लवकर येतात. आणि सरकारचं काय? २०२३ च्या ७ डिसेंबरला, ऐन हंगामात, केंद्राने रसापासून इथेनॉल करणं थांबवलं, आठवडाभरात ते मर्यादा घालून पुन्हा सुरू केलं. ज्यांनी कर्ज काढून यंत्रणा उभारली होती, त्यांचं गणित कुठल्याच समीकरणाच्या हातात राहिलं नाही.

शेतकऱ्याच्या खिशाशी हे थेट जोडलेलं आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. एफआरपी, म्हणजे उसाला द्यायचा केंद्राने ठरवलेला किमान भाव, ठरते साखरेच्या उताऱ्यावर. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये, आणि त्यावर उताऱ्याच्या दर ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे. बी हेवी मळी किंवा रस डिस्टिलरीला दिला की पोत्यांत भरलेली साखर कमी होते, उतारा कमी दिसतो. एक टक्का कमी दिसला तर टनाला ३४६ रुपये गेले. म्हणून वळवलेल्या साखरेइतका उतारा परत धरून एफआरपी काढावी लागते. ती वळवलेली साखर किती, हे ठरतं मळीच्या आणि रसाच्या पृथक्करणावर. म्हणजे पुन्हा त्या शेगडीवर, त्या निळ्या फ्लास्कमध्ये, ब्युरेटवरच्या हातात.

आपल्या भागातल्या शेतकऱ्याला साखरेचा उतारा तोंडपाठ असतो. शेजारच्या तीन कारखान्यांचा दशांशासकट तो पारावर बसून सांगेल. डिस्टिलरीचा उतारा त्याला कुणी सांगत नाही आणि तोही विचारत नाही, कारण ते ‘केमिस्टचं काम’ समजलं जातं. वार्षिक अहवालात त्यावर एक पान असतं, बहुतेक ताळेबंदाच्या मागे, आणि सभेत ते ‘वाचलेलं आहे असे समजून’ पुढे सरकतं.

हा लेख वाचणाऱ्यांत सभासद असतील, त्यांना एवढंच सांगणं. पुढच्या सप्टेंबरात सर्वसाधारण सभेला जाल तेव्हा ते पान उघडा. मळीची सरासरी टीआरएस किती, त्यातून न आंबणारा वाटा वजा केला का, एफई किती, वळवलेल्या साखरेचा उतारा किती धरला, आणि राखेतलं पोटॅश कुणाच्या शेतात गेलं, हे पाच प्रश्न लेखी द्या. एफई ८९-९० सांगितली तर माणसं नीट काम करत आहेत असं समजा. ९५ सांगितली तर टाळ्या वाजवू नका. प्रयोगशाळेची वही मागा.